परत न मागितलेले डबे

माझ्या छातीतला कॅन्सर हाडांत उतरल्याचं तामलवाडीत कळलं आणि आमच्या दारी डब्यांची रांग लागली. माझं माहेर लांब कोकणात, शाळा सातवीतच सुटलेली. इथं माणसं जोडली ती डब्यांच्या देवघेवीवर. शेजारणीचा डबा रिकामा द्यायचा नाही, चिमूटभर साखर तरी घालायची.

आता डबा येतो आणि राहतो. "असू दे वैनी, कुठं नेऊ परत," म्हणत बाया उंबऱ्यातनंच मागं सरकतात. चहा पुढं केला की एकीला उपास, दुसरीला पित्त. कसले गं हे उपास, रोजचे? गाठ काय शेंगाच्या चटणीतनं चिकटती? एका वाटीसाठी जावेशी जन्मभर अबोला धरणाऱ्या बाया ह्या, झाकणावर नाव कोरलेला स्टीलचा डबा सोडून जातात! मी मात्र तोंडावर हसते. भित्री आहे. डबा फडताळात सरकवते.

जुनी औषधं लागू पडेनात, म्हणून सोमवारी सोलापूरला नवीन सलाईन सुरू व्हायचं होतं. "डोस बदलला म्हंजे संपलंच की," असं चुलत सासू माझ्यादेखत बोलली. वर, अमावस्या जाऊ दे म्हणे. डॉक्टरीणबाई निदान खरं बोलल्या होत्या, "बरं करीन म्हणत नाही. आजार धरून ठेवायला बघू." त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. पण नाही धरला तर?

रविवारी घरमालकीण म्हातारी आली. मेंढरं राखणाऱ्यांचं घर तिचं, आवाज माळावरचा. डब्यातनं प्यायला हुलग्याचं पातळ माडगं आणलं होतं. माझ्याच कपातला अर्धा चहा बशीत ओतून प्याली. फडताळ बघून म्हणाली, "दुकान टाकतीस व्हय गं?"

मी सगळं सांगितलं.

"माती पडली त्यांच्या अकलंवर! माझा डबा ठिवून घेशील तर बघ. गुरवारी पायजे. रिकामा न्हाय."

"आजी, उलट्या लागल्या तर?"

"मग सुक्रवारी. पर तूच आणायचास. नवऱ्याच्या हाती धाडलास तर घ्यायची न्हाय."

सलाईन चढलं. गुरुवारी मला बसवतही नव्हतं. शुक्रवारी भिंतीला धरून निघाले. माहेरची आमसुलं उरली होती, तीच घातली. ओट्यावरच्या बाया माझ्या हातातला डबा बघून माना लांब करून झाकणावरचं नाव वाचायला लागल्या. आपलाच परत आला की काय! मी मुद्दाम सावकाश चालले. तसंही भरभर जमत नव्हतं.

औषध धरतंय की नाही, ते पुढच्या तपासणीत कळेल. भीती आहेच.

म्हातारीनं झाकण उघडलं, वास घेतला.

"एवढीच? फुडच्या टायमाला नीट भरून आण."