कानसेनाचा उजवा कान

माझ्या धाकट्या भावाला त्याच्या कामावर सगळे कानसेन म्हणतात. शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं जिथं उभी राहतात, त्या हँगरमध्ये तो रेडिओ मेकॅनिक आहे. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही. पण विमानात बसून हेडसेट चढवला, की नुसत्या खरखरीवरून तो सांगतो, अँटेनाचा सांधा ढिला झालाय की प्लग नीट बसलेला नाही.

मी शाळेत शिकवत होते तेव्हा एकदा त्याला वर्गात बोलावलं होतं. फळ्यावर चित्र काढून त्यानं मुलांना समजावलं, "वैमानिक बोलतो ते तोंडासमोरच्या माईकमधून तारेनं एका पॅनेलवर जातं. विमानात रेडिओ दोन, शेजारी बसलेला शिक्षक एक. कुणाचं बोलणं कुणाकडे पाठवायचं, ते हे पॅनेल बघतं. हातातलं बटण दाबलं, तर आवाज रेडिओतून अँटेनावर आणि तिथून टॉवरकडे. नाही दाबलं, तर विमानातल्या विमानात. पण बटण दाबून धरलं, की आपलं बोलणं जातं आणि दुसऱ्याचं येत नाही."

"म्हणजे आमच्या बाईंसारखं," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

"हो. ती घरीसुद्धा बटण सोडत नाही," माझ्या सख्ख्या भावानं उत्तर दिलं.

त्याची कामाची एक पद्धत आहे. तक्रार आली की तो आधी काही उघडत नाही, बदलून बघतो. ज्या वस्तूची खात्री आहे ती संशयाच्या वस्तूच्या जागी लावायची आणि ऐकायचं. वैमानिकाचा हेडसेट काढून स्वतःचा लावायचा. आवाज सुधारला, तर दोष त्या हेडसेटात. नाही सुधारला, तर शेजारच्या खुर्चीचा प्लग, मग दुसरा रेडिओ, असं एकेक पुढं सरकायचं. त्यासाठी त्याचा स्वतःचा हेडसेट आहे. ज्यांच्या हाताखाली तो शिकला त्या मोठ्या मिस्त्रींनी निवृत्त होताना तो त्याला दिला. हिरवा रंग उडालेला, माईकची दांडी डाव्या कानाला कायमची जखडलेली. त्याचं नाव त्यानं ठेवलंय 'खात्रीचा'. त्या हेडसेटला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नाही.

मध्यंतरी एका विमानातून टॉवरचा आवाज बारीक येतो, अशी तक्रार आली. प्लग सैल होता, तो त्यानं घट्ट बसवला. पण खात्रीचा लावून ऐकलं, तर उजव्या कानात आवाज अजून बारीकच. तो पुढच्या विमानात जाऊन बसला, तिथंही तेच. त्याच्या पुढच्यातही तेच. या विमानांत दोन्ही कानांना एकच आवाज येतो, त्यात डावं-उजवं काही नसतं. आणि जो दोष प्रत्येक विमानात सापडतो तो विमानात नसतो, हे तर त्यानंच नव्या मेकॅनिकांना शिकवलेलं.

कामावरून तो घरी न जाता माझ्याकडे आला. नेहमीची खुर्ची सोडून, मी त्याच्या डावीकडे येईन असा बसला.

"ताई, माझा उजवा कान गेला."

"घरी सांगितलंस?"

"तिला सांगितलं तर म्हणेल, तो लग्नापासूनच गेलाय."

हसला, पण चेहरा उतरलेला होता. वर्षाची कानांची तपासणी तोंडावर आली होती. त्यात नापास झाला, तर त्याला रेडिओला हात लावू देणार नव्हते. सुटे भाग देण्याच्या खिडकीत बसवणार होते. "तिथं बसून मी काय करू? स्क्रू मोजू?" तो म्हणाला. चहा तसाच गार झाला.

त्यानं कितीही लपवलं तरी भावजयीच्या लक्षात आलंच. तिनं मला फोन केला. "ताई, यांचं काय बिनसलंय? टीव्हीसमोर मान वाकडी करून बसतात, कबुतरासारखे. काही बोललं तर उत्तर नाही. मी आपली ओरडून ओरडून बोलतेय, शेजारच्यांना आमच्या घरातलं सगळं कळलं असेल."

त्याचं गुपित मी फोडलं नाही. पण कामावरच्या तपासणीआधी बाहेरच्या डॉक्टरांना कान दाखवायला त्याला तयार केलं आणि बरोबर गेले. तो एकटा दारातून परत फिरला असता.

कानाच्या डॉक्टरांनी त्याला काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावले. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. तो डोळे मिटून बसला होता, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "दोन्ही कान सारखे आहेत, आणि वयाच्या मानानं फार छान."

त्याचा विश्वास बसेना. "डॉक्टर, हेडफोन उलटे घालून परत बघता का? डावा उजवीकडे, उजवा डावीकडे."

"ते कशासाठी?"

"आमच्याकडे अशीच पद्धत आहे. बदलून बघायचं."

"बघू की," त्या म्हणाल्या. परत तेच निघालं.

तो माझ्याकडे वळला. "ताई, मी विमान बदललं. खुर्ची बदलली. रेडिओ बदलला. आता डॉक्टरांचे हेडफोनपण बदलले. एकच वस्तू तेवढी बदलली नाही."

"कुठली?"

"खात्रीची."

तिथून आम्ही थेट हँगरमध्ये गेलो. एका विमानात बसून त्यानं रेडिओ चालू केला आणि तो हेडसेट उलटा घातला. माईकची दांडी मागं शेपटीसारखी उभी राहिली. त्या दांडीमुळेच तो उलटा घालायचं इतके दिवस त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. काही वेळ त्यानं ऐकलं, मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. हसत होता.

"आता डावा कान गेला," तो म्हणाला.

वायर डाव्या कानाशी आत शिरते आणि डोक्यावरच्या पट्टीतून उजव्या कानाकडे जाते. त्यानं पट्टी उघडली. मधोमध, जिथं घडी पडते तिथं, तांब्याचे बहुतेक धागे तुटले होते. उरल्यासुरल्या एक-दोन धाग्यांवर उजवा कान कसाबसा चालला होता.

"रोज दुमडून पिशवीत कोण ठेवतं?" मी विचारलं.

"मीच," तो म्हणाला. इतक्या आनंदानं चूक कबूल करणारा माणूस मी शाळेतही पाहिला नव्हता.

घरी जाऊन त्यानं भावजयीला सगळं सांगितलं. तिनं डोळ्यांना पदर लावला. "मला वाटलं, काय होऊन बसलं," एवढंच म्हणाली. मग जरा वेळानं पदर खाली आला.

"म्हणजे अहो, मी बोलत होते ते सगळं तुम्हाला ऐकू येत होतं?"

भावानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"न्हाणीघरातला नळ गळतोय, हे मी रोज सांगत होते."

"तसं... येत होतं म्हणायचं."

"बिचाऱ्याला ऐकू येत नसेल म्हणून मी भांडले नाही."

तो उठला, पाना घेतला आणि न्हाणीघरात गेला. थोड्या वेळानं आतून गुणगुणणं ऐकू आलं. गाण्यातलं त्याला काही कळत नाही, हे मी सांगितलंच आहे. भावजय ते ऐकत उभी होती. एरवीसारखं तिनं दार ओढून घेतलं नाही.