बघायच्या साडीतला इंटरव्ह्यू

आमच्या लासुर्ण्यात मुलगी बघायचा कार्यक्रम कुणाकडंही असो, पोरीला नटवायला माझ्या आत्यालाच बोलावणं यायचं. त्यामुळं बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या लॅबमधून मला इंटरव्ह्यूचा फोन आला, तेव्हाही ठरल्या दिवशी आत्या सकाळीच नटवायची पेटी घेऊन हजर. मी साधा पंजाबी ड्रेस इस्त्री करून ठेवला होता. तिनं तो मेलेलं झुरळ उचलावं तसा दोन बोटांत धरून बाजूला टाकला.

"परकी माणसं बसणार, प्रश्न इचारणार, आन् मागनं कळवतो म्हणणार. मग हा बघायचाच कार्यक्रम न्हाय तर काय?"

माझी केमिस्ट्रीची बीएस्सी तिच्या पेटीपुढं फिकी पडली. त्यात आबांनी, म्हणजे वडिलांनी, बजावून ठेवलेलं, "नोकरी लागली तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढणार न्हाय. न्हाय लागली तर रविवारी डाळज गावचं स्थळ येतंय." मला ती नोकरी हवीच होती. ऐनवेळी डोकं कशाला तापवा म्हणून मी मुकाट उभी राहिले. डाळिंबी काठापदराची साडी, हातभर बांगड्या, मोगऱ्याचे गजरे, आणि वर मानेला, मनगटाला, पदराला मोगऱ्याचंच अत्तर. निघताना म्हणते कशी, "नजर खाली ठेव. इचारल्याबिगर बोलू नगं."

आबांच्या गाडीवर एका अंगाला बसून निघाले. पुढं उसाची ट्रॉली, आणि मी पडेन म्हणून आबा तिला ओलांडेनात. डेअरीच्या गेटवर वॉचमननं माझ्याकडं बघून आबांना सांगितलं, "पाव्हणं, मंगल कार्यालय पुढं हाय. हितं डेअरी हाय."

आत दोन साहेब आणि एक मॅडम. मी सगळी उत्तरं फरशीला दिली. तेवढ्यात शिपाई चहाचा ट्रे घेऊन आला आणि मी कधी उठले ते माझं मलाच कळलं नाही. ट्रे त्याच्या हातातनं घेतला, वाकून तिघांपुढं कप ठेवले, पदर सावरून परत खुर्चीच्या कडेला टेकले. शिपाई रिकामे हात घेऊन उभा. मेले, मेले! गेली नोकरी, आलं डाळज!

मॅडमनी दुधाची बाटली पुढं सरकवली. "दुधाची गाडी आली की आधी वास बघायचा. सांगा, हे घ्यायचं की परत पाठवायचं?"

मी बूच काढून हुंगलं. मोगरा. पुन्हा हुंगलं. मोगराच. "मॅडम, मला नुसता मोगरा येतोय हो," म्हणाले आणि रडूच फुटलं.

"तो आम्हालाही येतोय," एक साहेब रुमालाआडून म्हणाले.

मॅडम हसल्या. "रडू नका. बाहेर बेसिन आहे. लॅबमध्ये अत्तर, गजरा, बांगड्या, काही चालत नाही."

साबणानं मान, मनगटं खसाखसा घासली. गजरे, बांगड्या पिशवीत गेल्या. साडी वर खोचली, पदर आत कोंबला, त्यावर पांढरा कोट गळ्यापर्यंत लावला, पायात गमबूट, डोक्यावर जाळीची टोपी. आरशात बघितलं तर फ्लॉवरचा गड्डा. न राहवून मोबाइलवर फोटो काढला.

मग दोन बाटल्या हुंगल्या. "हे घ्यायचं. हे दुसरं आंबट मारतंय, पाठवा परत." आता मी थेट मॅडमच्या डोळ्यांत बघून बोलत होते.

"सोमवारपासून या," त्या म्हणाल्या. "साध्या ड्रेसवर."

घरी आत्या उंबऱ्यातच. "काय म्हणाली माणसं?"

"घेतलं. पण तू घातलेलं सगळं उतरवल्यावर." मी चिडून फोटोच पुढं धरला. आत्यानं मोबाइल हातातनं काढून घेतला. आता हिला राग येणार, मला वाटलं. आबा तोवर डाळजला फोन लावून रविवारचं रद्द करत होते.

"दादा," ती आबांना म्हणाली, "हा फोटो जपून ठेव. दोन वर्षांनी स्थळाला ह्योच धाडायचा. ह्या ध्यानाला जो व्हय म्हणंल, त्यालाच घरात घ्यायचं."

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आन् चहा त्यो करंल."