पुढील आदेश होईपर्यंत कमालभाई

हॅम्बर्गच्या आल्टोना भागात मालिनीताई करमरकरांचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. पँट आखूड करणं, चेन बदलणं, सुखाने फुगलेल्या नवऱ्यांचे कोट सैल करणं, अशी सगळी कामं. दुकानाच्या मागच्या बाजूला वाफेच्या ढगात एक उंच, टकलू, भरघोस मिशांचा माणूस इस्त्री करत उभा असायचा. हे कमालभाई. जात पॅलेस्टिनी, जन्म लेबनॉनमधल्या निर्वासितांच्या छावणीतला आणि मुक्काम गेली बावीस वर्षं हॅम्बर्ग. हात असा साफ की शर्ट परत अंगात घालायचा जीव होऊ नये. पण तोंड उघडलं की गिऱ्हाईक दचकायचं.

कारण त्यांची जर्मन भाषा. माणसं परकी भाषा बाजारात शिकतात, टीव्हीसमोर बसून शिकतात, काही भाग्यवान प्रेमात पडून शिकतात. कमालभाई ती सरकारी पत्रं वाचून शिकले. त्यांचा दोष नाही. आल्यावर पहिली कित्येक वर्षं कामाला परवानगी नव्हती, त्यामुळे बोलायलाही कोणी नव्हतं. नेमाने त्यांची विचारपूस करणारं एकच, परदेशी लोकांची कचेरी. तीही पत्राने. कमालभाई डिक्शनरी घेऊन बसायचे आणि एकेक पत्र आमटी-भातासारखं कालवून पोटात घालायचे. परिणाम असा की ‘एक पाव द्या’ म्हणताना जीभ अडखळायची आणि ‘सदर निर्णयाविरुद्ध विहित मुदतीत हरकत घेता येईल’ हे झोपेतही अस्खलित यायचं.

एकदा एका बाईंनी विचारलं, माझा झगा कधी मिळेल? कमालभाई इस्त्री बाजूला ठेवून म्हणाले की उपरोक्त वस्त्राबाबत उद्या सायंकाळी सकारात्मक निर्णय अपेक्षित आहे, मात्र डाग न गेल्यास त्याबाबत कोणताही दावा ग्राह्य धरला जाणार नाही. बाई निघून गेल्या त्या दाराशी मालिनीताईंना हळूच विचारून, की इस्त्रीला वकील का ठेवलाय?

यात कमालभाईंना लाज वाटत असेल असं समजू नका. उलट फार अभिमान. बाकीचे लोक बोलतात ती गल्लीतली भाषा, आपली दरबारी, असा त्यांचा समज. मालिनीताईंना ते ‘फ्राऊ ताई’, म्हणजे श्रीमती ताई, म्हणत. दुकानात येणाऱ्या मराठी पोरांकडून ‘ताई’ शिकले होते, पण नुसतं ताई म्हणणं त्यांना अनौपचारिक वाटायचं.

आता बावीस वर्षं राहूनही यांचं देशाशी नातं काय, तर डुल्डुंग. हा शब्द मालिनीताईंनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांना वाटलं, डुलक्या घेण्याचा काही आजार असावा. मग विलासरावांनी समजावलं. विलासराव म्हणजे ताईंचे यजमान. विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि तेव्हापासून दुकानातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसून अख्ख्या रस्त्याची खबर ठेवणारे.

“अगं, डुल्डुंग म्हणजे सहन करणं,” ते म्हणाले. “राहायचा हक्क नाही, पण हाकलायला कुठे जमत नाही, म्हणून चालवून घ्यायचं.”

“कळलं,” ताई म्हणाल्या. “तुम्हाला मी दिलीय ती. दर तीन महिन्यांनी वाढवून.”

कमालभाईंचीही कधी तीन, कधी सहा महिन्यांनी वाढायची. गोष्ट साधी होती. त्यांना परत पाठवावं तर कुठे? लेबनॉन म्हणे आमचा नाही, इस्रायल म्हणे आमचा तर नाहीच, आणि पॅलेस्टाईन नावाचा देश कचेरीच्या यादीत सापडेना. मग कागदावर राष्ट्रीयत्वापुढे लिहिलं, अनिश्चित. पाठवायचं कुठे ते ठरत नाही आणि ठेवायचं हेही ठरत नाही, तोवर पुढील आदेश होईपर्यंत हॅम्बर्गात थांबा. आणि हॅम्बर्गातच थांबा. शहराची हद्द ओलांडायची तर परवानगी. एकदा दमून भागून लोकलमध्ये बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला आणि गाडी हॅम्बर्ग सोडून पिनेबर्गला जाऊन थांबली. डुल्डुंगवाला डुलला आणि सरहद्द ओलांडून बसला. पुढच्या गाडीने परत आले, पण दुसऱ्या दिवशी वाफेच्या आडून मालिनीताईंना ही गोष्ट अशा आवाजात सांगितली की ताईंना वाटलं, खून केलाय.

आता यातली खरी गंमत पुढे आहे. कमालभाईंची दोन भावंडं. छावणी तीच, लढाई तीच, पळून येण्याचं कारण तेच. धाकटा नबील स्वीडनला गेला. तिथे त्याला विचारलं, परत जायला देश आहे का? तो म्हणाला, नाही. मग राहा म्हणाले. आता तो माल्मोत राहतो, खिशात स्वीडनचा पासपोर्ट आणि दाराशी एवढी मोठी गाडी. बहीण हाना डेन्मार्कला गेली. तिथे अर्ज नामंजूर झाला तेव्हा ती बाकीच्यांबरोबर एका चर्चमध्ये जाऊन बसली, उठेचना. शेवटी संसदेने तेवढ्या तीनएकशे माणसांपुरता कायदाच केला. एका प्रश्नाचं एकच उत्तर तिघांनी लिहिलं. एका मास्तरांनी पैकीच्या पैकी दिले, दुसऱ्यांनी रडून-बसून पास केलं आणि तिसऱ्यांनी पेपर बावीस वर्षं तपासायलाच ठेवला.

हे सगळं कमालभाईंना चालून गेलं असतं. माणूस सोशीक. पण नबीलने काही वर्षांपूर्वी म्हाताऱ्या आईला छावणीतून माल्मोला आणलं आणि पंचाईत सुरू झाली. आई आता गाडीने एका दिवसाच्या अंतरावर. तिच्या गुडघ्यांना प्रवास झेपत नाही आणि याला हद्द ओलांडता येत नाही. आईला हे काही केल्या पटेना. एक मुलगा पासपोर्ट मिरवतो, मुलगी दर ईदला येते, मग याच्याच पायात काय बेडी आहे? त्यात एकदा तिने दुकानात फोन केला आणि तो मालिनीताईंनी उचलून आपल्या ठसक्यात ‘हालो’ म्हटलं. झालं. म्हातारीचा निकाल लागला: याने चोरून जर्मन बायको केली आहे आणि ती याला पाठवत नाही.

कमालभाईंनी शपथा घेतल्या. जितक्या शपथा जास्त, तितका म्हातारीचा संशय पक्का. पुढे तर ती त्या सुनेला फोनवरून निरोप द्यायला लागली, की बाई, तुला काही म्हणणार नाही, एकदा दोघं येऊन जा. विलासरावांनी तर उघडच चिडवायला सुरुवात केली की कमालभाई, तुमच्या बायकोने आज माझ्या चहात साखर कमी घातलीय.

पण हसण्यावारी नेली तरी गोष्ट हसण्याची नव्हती. म्हातारी ऐंशीच्या पुढची. प्रत्येक फोनच्या शेवटी ती तेच विचारायची, कधी येतोस? आणि सगळी दरबारी भाषा तोंडपाठ असलेला हा माणूस त्या प्रश्नावर फोन ठेवून इस्त्रीकडे वळायचा. मग कितीतरी वेळ इस्त्रीची वाफ जरा जास्तच यायची.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात सरकारला उपरती झाली. नवा नियम आला. आठ वर्षांहून जास्त जे असे ताटकळत बसलेत, ज्यांना काम आहे, घर आहे, ज्यांच्यावर गुन्हा नाही आणि ज्यांना रोजच्या व्यवहारापुरतं साधं जर्मन बोलता येतं, त्यांना राहायचा परवाना द्यायचा. परवाना मिळाला की आईकडे जाता येणार. काम होतं, घर होतं, गुन्हा म्हणाल तर तो एक पिनेबर्ग. भाषेबद्दल तर कमालभाईंनी छातीच काढली. साधं जर्मन? कचेरीला तिचीच भाषा ऐकवतो म्हणाले.

आणि ऐकवली, तिथेच घोटाळा झाला. समोर एक तरुण बाई, टेबलावर छोटंसं निवडुंग. तिने हसून विचारलं, रविवारी काय करता तुम्ही?

कमालभाई म्हणाले, “रविवारी, पुढील आदेश होईपर्यंत, माझं वास्तव्य घरीच असतं. अपवादात्मक परिस्थितीत, आणि हवामान अनुकूल असल्यास, मी नदीकाठी उपस्थित राहतो.”

बाईने पेन खाली ठेवलं. बेकरीत काय घेता, असं विचारलं. तर पावाच्या उपलब्धतेबाबत चौकशी करतो, असं उत्तर आलं. बिचारीला वाटलं, कोणीतरी याला वाक्यं लिहून देऊन घोकून घेतलीयत. ती नरमाईने म्हणाली की ही पाठ केलेली उत्तरं आहेत, महिनाभराने परत या, आणि आपल्या मनाने बोला, साधं बोला.

कमालभाई दुकानात आले ते पडक्या चेहऱ्याने. बावीस वर्षं ज्यांची भाषा शिकलो त्यांनाच ती समजेना, म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या हातून एका कोटावर पहिल्यांदा इस्त्रीचा डाग पडला. मालिनीताईंनी तो कोट बाजूला टांगला. दुकानाचं दार लावून त्यांनी शिकवणी सुरू केली.

नियम एकच. सरकारी शब्द निघाला की चहा बिनसाखरेचा. कमालभाई चहात साखर नव्हे, साखरेत चहा घेणारे. पहिला आठवडा अतिशय कडू गेला. ताईंनी बेकरीवाली व्हायचं, विलासरावांनी बसचा ड्रायव्हर व्हायचं, आणि कमालभाईंनी सदर बसच्या मार्गाबाबत खुलासा मागायचा. ताई कपाळाला हात लावायच्या. माणूस शब्द बदलायचा, चाल तीच. सोवळं नेसून पोहायला उतरल्यासारखं.

औषध सापडलं ते विलासरावांमुळे, आणि तेही त्यांना न कळता. एक दिवस खुर्चीवरून ते सहज म्हणाले, ती समोरची फ्राऊ श्रोडर पुन्हा लग्न करतेय म्हणे. खरं का, कमालभाई? तिचे कपडे तुमच्याच हाताखालून जातात.

कमालभाई म्हणाले, “सदर महिलेच्या वैवाहिक स्थितीबाबत...”

“साखर गेली,” ताई म्हणाल्या.

कमालभाईंनी तोंड मिटलं. पण बातमी पोटात मावेना. दोनदा इस्त्री फिरवली, तिसऱ्यांदा थांबले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “करतेय. केस रंगवलेत. पांढरा झगा आणलाय, आणि मला सांगितलंय, कुणाला बोलू नका.”

विलासराव खुर्चीतून उठले. ताईंनी शिवणयंत्र थांबवलं. आणि मग ते लक्षात आलं, जे खरं तर आधीच लक्षात यायला हवं होतं: सरकारी भाषेत सगळं करता येतं, चहाडी करता येत नाही. तिला ‘उपरोक्त’ लावला की ती मरते.

मग काय, महिनाभर त्या दुकानात जर्मन भाषेची जी सेवा झाली ती कुठल्या विद्यापीठात होत नसेल. कोणाचा कोट दर वर्षी सैल करावा लागतो, कोणाच्या खिशात कोणाचा रुमाल निघाला, खाटीक कोणाला मटण जास्त तोलतो. अभ्यास म्हणून विलासराव दिवसभर हिंडून नवा माल गोळा करून आणायचे. ताई वरवर रागवायच्या आणि शेवट ऐकल्याशिवाय दुकान बंद करायच्या नाहीत. कमालभाईंचा चहा हळूहळू गोड होत गेला.

दुसऱ्या खेपेला कचेरीत तीच बाई, तेच निवडुंग. तिने विचारलं, परवाना मिळाला तर आधी काय कराल?

प्रश्न सोपा होता. जुनी वाक्यं दाराशी रांग लावून उभी राहिली. एकही आत घेतलं नाही. थोडं पुढे झुकले, फ्राऊ श्रोडरच्या वेळी झुकले होते तसेच.

“आईकडे जाईन,” ते म्हणाले. “माल्मोला. तिला वाटतं, मी चोरून लग्न केलंय. जर्मन बाईशी.”

बाईही नकळत पुढे झुकली. “आणि केलंय?”

“नाही हो. फोनवर आमच्या दुकानाच्या मालकीणबाई बोलल्या, तेवढंच. आईला पटत नाही. एकदा जाऊन तिला दाखवायचंय, की बघ, एकटाच आहे. रागावलो नव्हतो तुझ्यावर. सोडत नव्हते.”

बाईने कागदावर काही लिहिलं नाही, नुसतंच विचारलं की आई ओरडेल का. ओरडणार तर, कमालभाई म्हणाले. मग लिहिलं.

परवाना आला, नंतर देश नसलेल्यांना देतात ते प्रवासाचं पुस्तक आलं, आणि वसंतात कमालभाई कोपनहेगनच्या गाडीत बसले. मालिनीताईंनी बेसनाचे लाडू दिले, विलासरावांनी प्रवासभर पुरतील इतक्या सूचना. हॅम्बर्गची हद्द मागे पडली तेव्हा त्यांनी डोळे मिटले नाहीत. पुढे समुद्र ओलांडायला आगगाडी जशीच्या तशी बोटीच्या पोटात शिरली, तेव्हा मात्र त्यांना क्षणभर वाटलं की आता काहीतरी चूक निघणार. काही निघाली नाही. कोपनहेगनला हाना गाडीत चढली, पुलाखालून समुद्र गेला, माल्मो स्टेशनवर नबील गाडीची किल्ली फिरवत उभा होता.

म्हातारी दारात खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर एक भरतकामाची शाल. तिने मुलाच्या चेहऱ्याला दोन्ही हात लावले, टकलावरून हात फिरवला, बराच वेळ रडली. आणि मग त्याला बाजूला सारून जिन्याकडे बघायला लागली.

“ती कुठेय?”

कोणी नाही, कमालभाईंनी सांगितलं. कधीच नव्हतं. म्हातारीने जिना नीट निरखला, शेवटी एकदाचं पटलं, आणि आनंद होण्याऐवजी तिचा चेहरा उतरला. बावीस वर्षं जर्मनीत राहिलास, म्हणाली, आणि तुझ्याच्याने एक बायको झाली नाही? ही शाल मग कोणाला देऊ? कमालभाई म्हणाले, त्या फोनवरच्या बाईंना दे, त्यांच्यामुळेच आलोय. म्हातारीने शाल घडी घालून उशीखाली ठेवली. विचार करीन, म्हणाली.

आतून जेवणाचा वास येत होता. म्हातारीने डोळे पुसत विचारलं, किती दिवस राहणार?

कमालभाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “पुढील आदेश होईपर्यंत.”

“इथे आदेश मी देते,” म्हातारी म्हणाली. “हात धू आणि जेवायला बस.”