बुडून रायलो

जंगलात विनाकारण पायी हिंडण्याला ‘हायकिंग’ म्हणतात, हे मला अमरावतीच्या कॉलेजात गेल्यावर कळलं. आमचे सर आम्हाला चिखलदऱ्याला तीन दिवसांच्या शिबिराला नेणार होते. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “कावून? बैल हरवला का कोनाचा?”

अर्जात एक प्रश्न होता : पोहता येते काय? न येणाऱ्याला नेणार नव्हते. मी ‘होय’ लिहिलं. आमच्या गावच्या नाल्याला गुडघाभर पाणी असे. त्यात मी बरा पोहत असे.

सर पुण्याचे. मला इंग्रजी त्यांनीच शिकवलं, ते उपकार मी विसरणार नाही. आमची बोली मात्र त्यांना एखाद्या दुखण्यासारखी वाटे, औषध दिलं की जाईल अशी. शिबिरात त्यांनी निसर्ग कसा पाहावा हेही शिकवलं. “स्तब्ध उभे राहा आणि हिरवा रंग आत घ्या,” म्हणायचे. आम्ही घ्यायचो. डोक्यावर मोळ्या घेतलेल्या कोरकू बाया आम्हाला बाजूनं वाट करून देत, आजाऱ्याला देतात तशी.

दुसऱ्या दिवशी डोहावर गेलो. सर घड्याळ काढून खडकावर बसले. पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो, अशी स्पर्धा होती. सगळ्यांबरोबर मीही उडी मारली. पाय टेकायला गेलो, तर खाली जमीनच नव्हती. कसंबसं डोकं वर आलं.

“सर, मी बुडून रायलो!”

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. “उत्तम! राहा, राहा! अजून वीस सेकंद!”

पुन्हा खाली गेलो, पुन्हा वर आलो. “सर, बुडून रायलो नं!”

“बोलू नकोस, दम जातो!”

माझा मित्र अकोल्याच्या जठारपेठेतला. तो दम संपून आधीच काठावर आला होता; तिथूनच ओरडला, “सर, तो मरून रायला!” आणि सरांना या वाक्याचा अर्थ लागायच्या आत त्यानं उडी टाकली, माझे केस धरले आणि मला ओढत खडकावर आणून टाकलं.

सर पांढरेफटक पडले होते. त्यांनी स्वतःचा कोरडा पंचा माझ्याभोवती गुंडाळला. मग म्हणाले, “अरे, बुडत होतास तर ‘बुडतोय’ म्हणायचं!”

“चुकलं, सर,” मी म्हणालो. नाकातोंडातून पाणी येत होतं. पण चुकलं, असंच मला अगदी मनापासून वाटत होतं.