होडीची पेटी

कान्हा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा आणि त्याच्या बापाला, गंगारामला, गिटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण होडीतून माल न भिजता, न फुटता खाडीपलीकडे कसा न्यायचा, हे दिवाळे गावात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

खाडीत भराव पडला तशी त्याची होडी काठावर उलटी पडून राहिली. कार्यक्रमाला जाताना पोराची गिटार टेम्पोत आदळते हे ऐकून म्हाताऱ्याने एके दिवशी त्या होडीलाच कुऱ्हाड लावली. फळ्यांची पेटी केली, सांध्यांत कापूस ठोकला, आणि दरवर्षी होडीला द्यायचा तसा माशाच्या तेलाचा हात आतून-बाहेरून दिला. जन्मभर केलं तेच केलं, दुसरं काय करणार?

पहिल्याच कार्यक्रमाला ऑर्केस्ट्राच्या मालकाने, नंदकुमारने, नाक दाबलं. "कान्हा, गिटार आणलीस की सुकट?" सगळे खो खो हसले. कान्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून तो पेटी नाक्यावर केशरबाईच्या चहाच्या टपरीमागे ठेवायचा आणि गिटार चादरीत गुंडाळून पुढे जायचा. परतताना पुन्हा पेटीत. गंगाराम दारातच विचारायचा, "धक्का नाय ना लागला?"

"नाय, आबा."

दोन वर्षं हे सोंग चाललं. लाज वासाची आहे, बापाची नाही, असं कान्हा स्वतःला समजावायचा. ती बापाचीच होती.

चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये उरणहून येताना टेम्पोने गचका खाल्ला आणि चादरीवर स्पीकर पडला. कान्हाने गिटारीचे तुकडे पेटीत भरले, घरी येऊन सांगितलं, "आबा, स्पीकर पडला."

गंगारामने पेटी ओट्यावर उन्हात ओढली. फळीफळीवर हात फिरवला, सांधे नखाने चाचपले. ओरखडासुद्धा नव्हता.

"माजीच जोडनी चुकली," तो म्हणाला. "होडी कदी फुटली नाय, नि पोराची एवढी वस्तू मना सांबालता आली नाय." आणि म्हातारा डोळे पुसू लागला.

कान्हाला ते बघवेना. "आबा, गिटार पेटीत नवतीच." मग त्याने टपरीचंही सांगितलं. कारण तेवढं सांगितलं नाही.

गंगारामने मोठा श्वास सोडला. "मंग पेटी चांगली हाय."

मग त्याने आपला पंजा नाकाशी नेऊन हुंगला आणि हळूच कमरेच्या रुमालाला पुसला.

"लय वास येतो ना रं?"

कान्हाला नाही म्हणायचं होतं, पण आता खोटं बोलायला तोंड उरलं नव्हतं.