इंदरलालची फुकटची शिळा

मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, नुकतीच गेली होती, पण बिरसीच्या इंदरलालचा ताठा काही गेला नव्हता. घरात कारागीर आलेला त्याला खपत नसे. विहिरीचा रहाट असो की दाराची कडी, स्वतःच ठोकाठोक करायची आणि वर मिशीला पीळ द्यायचा. रहाट तेव्हापासून कुरकुरत होता आणि कडी एकदा लागली की उघडत नव्हती.

त्याची बायको सुखवंता गुडघ्यांनी बेजार. चुलीपासून उठताना भिंत धरावी लागे. गोंदियात बहिणीकडे तिने उभ्याने रांधायचा ओटा पाहिला. दुधराम मिस्त्रीने बांधलेला, वर गुळगुळीत फरशी. तीस वर्षांच्या संसारात तिने पहिल्यांदा काही मागितलं.

"मिस्त्री? माह्या सैपाकघरात?" इंदरलाल उखडला. "चुलीपाशी आपले देव हायेत. पराया मानूस आला त विटाळ होते. मीच बांधतो."

विटाळ कसला, मजुरी जिवावर आली होती. सुखवंताला ते पुरतं ठाऊक होतं. तरी तिने मान डोलावली. निदान ओटा तरी होईल.

आठ दिवस त्याने माती तुडवली, विटा रचल्या. ओटा एका अंगाला कलला तो कललाच. मग बैलबंडीतून एक रुंद काळी शिळा आली.

"तलावाच्या काठाले पडून होती. फुकट!" असं म्हणत त्याने गंगाजल शिंपडून ती बसवली.

सुखवंताने शिळेवर हात फिरवला. कोपऱ्यातला फुटका टवका बोटांना लागला आणि तिने हात झटकन मागे घेतला. ही तर बायकांच्या घाटावरची! मयताच्या दहाव्याला बायका हिच्यावर बसून न्हायच्या, सुतकाची लुगडी आपटायच्या. बाप्ये त्या बाजूला कधी फिरकत नसत.

तिला रडू आलं नाही, संताप आला.

"मिस्त्रीचा विटाळ होते ना तुमाले? तुमच्या मायच्या दहाव्याले मी याच गोट्यावर बसून आंग धुतलं!"

इंदरलालचा चेहरा उतरला. मग इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "धुतलेलाच हाये ना. कोनाले सांगू नोको."

तिने त्याच दिवशी गोंदियाला बहिणीकडे निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी दुधराम मिस्त्री फरशी घेऊन पुढच्या दारानेच आत आला. इंदरलालने मुकाट्याने शिळा बंडीत चढवली.

"कुठं टाकू?"

"होती तिथंच ठेवा," सुखवंता म्हणाली. "तुमच्या दहाव्याले मले बसाले लागन."