फुल लोडवरची शांतता

जे. पी. नगरातल्या आमच्या सोसायटीला नवा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा ठरला आणि त्याची जागा ठरली नेमकी आमच्या बेडरूमच्या भिंतीपलीकडे. बायकोला अर्धशिशी. एकसारखी गुणगुण कानावर पडली की तिला दिवस नकोसा होतो. सेक्रेटरी आमच्यासारखेच पुण्याहून या कानडी मुलखात आलेले. म्हणाले, "वहिनी, तुम्ही स्वतः ऐका. आवाज असेल तर दुसरी जागा बघू." म्हणून आम्ही तिघं आनेकलजवळच्या वर्कशॉपात गेलो.

मालक बेळगावकडचा. मराठी ऐकून खुलला. त्याने स्विच दाबला, अँपिअरचा काटा भरभर चढला.

"बघा अण्णा, फुल लोड. आवाज आहे काय?"

नव्हता. बायकोचा चेहरा केवढा सैलावला.

मला मात्र ते पटेना. घरी मला शंकासुर म्हणतात, म्हणू देत. पॉलिटेक्निकात मी जन्मभर हेच शिकवलं. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तो गाभ्यातल्या चुंबकीय प्रवाहामुळे, आणि हा प्रवाह ठरतो व्होल्टेजवर. लोड वाढला की बाहेर जाणारा करंट त्या प्रवाहाला विरोध करतो, पण आत येणारा करंटही वाढून तो विरोध मोडून काढतो. म्हणजे ट्रान्सफॉर्मर रिकामा असो की भरलेला, गाभ्यातला प्रवाह जवळजवळ तेवढाच. मग ही शांतता आली कुठून? इथं नक्की पाणी मुरत होतं.

मागे जाऊन पाहिलं. लोड नव्हताच. बाहेर जाणारी टोकं तांब्याच्या जाड पट्टीने एकमेकांना जोडली होती. असं केलं की नाममात्र व्होल्टेजवरही पूर्ण करंट वाहतो. गाभ्यात चुंबकीय प्रवाह नावालाच, मग आवाज कसला होणार? व्होल्टमीटर बघायला वळलो, तर त्याच्यापुढे सेक्रेटरी उभे. दोनदा सांगितल्यावर बाजूला झाले. काटा तळाशीच होता.

मी मालकाला पट्टी काढून, लोड न लावता पूर्ण व्होल्टेज द्यायला सांगितलं. त्याने आधी सेक्रेटरींकडे पाहिलं. मग दिलं. रिकामा ट्रान्सफॉर्मर घुमू लागला आणि बायकोचा हात कपाळावर गेला. मला भयंकर राग आला, मालकाचाच.

"स्वल्प आवाज असतोयच की अण्णा," तो ओशाळून म्हणाला. "ह्यांना मागच्याच आठवड्यात ऐकवलाय मी."

सेक्रेटरी मोबाइल काढून बघू लागले. बायकोने कपाळावरचा हात काढला नाही.

"मग भाऊ," ती त्यांना म्हणाली, "मला ऐकायला आणलंत कशाला?"